स्टेलाला बसता यावं अशी गाडी

"आधी दार लाव, वांडा. डोळे मिटून लाव आणि कान दे. इंजिनाची तारीफ विकणारा करतो, गाडीचं खरं काय ते दार सांगतं."

लेनर्ड हे सांगायचा तेव्हा वांडा हसून मान हलवायची. तिला कुठे गाडी घ्यायची होती? गाड्या घेणं हे त्याचं काम. डिअरबॉर्नच्या फोर्ड कारखान्यात एकतीस वर्षं त्याने ट्रकांना दारं बसवली होती, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या दारापुढे फोर्डशिवाय दुसऱ्या कुणाची गाडी उभी राहिली नव्हती. त्याला जाऊन आता तीन वर्षं झाली. रोज पहाटे पाचला वांडा त्याच्या नावाने माळ जपत असे. एकाही दिवसाचा खाडा नाही, अगदी तापातही नाही.

आता मात्र गाडी घ्यायची वेळ तिच्यावर आली होती. त्याला कारण स्टेला.

स्टेला शेजारीण, एकोणऐंशी वर्षांची. डेट्रॉइटजवळच्या वायनडॉट गावात, एकाच गल्लीत दोघींनी मुलं वाढवली, नवरे पोचवले. स्टेलाचं मूत्रपिंड थकलं आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार असं डायलिसिस सुरू झालं. पहिल्या दिवशी चर्चमध्ये मारियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावताना वांडा म्हणाली होती, "तुला जोवर जावं लागेल तोवर मी नेईन." स्टेला म्हणाली होती, "बघ हं, देवाच्या आईसमोर बोलतेयस." दोन वर्षं तो नेम बिनबोभाट चालला होता.

पण लेनर्डची जुनी फोर्ड फ्यूजन जमिनीलगतची, बसकी. त्यात सोळा हिवाळे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ खाऊन तिचं पोट गंजलेलं. मेकॅनिकने हात जोडले होते. आणि फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी स्टेलाचा खुबा असा अडला, की तिला गाडीतून बाहेर काढायला दोन नर्सबाया लागल्या. परतताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वांडा, एखादा दिवस चुकवला तर काही आभाळ कोसळत नाही."

वांडाने गाडी बाजूला घेतली. एक दिवस चुकला की दुसरा चुकतो, आणि मग काय होतं ते दोघींनाही ठाऊक होतं. डायलिसिसच्या मजल्यावरच्या दोन खुर्च्या याच हिवाळ्यात रिकाम्या झाल्या होत्या.

तिने घरी येऊन लेकाला फोन केला. "मार्टी, मला गाडी घ्यायचीय. स्टेलाकाकूला बसता येईल अशी."

एवढंच. पण डेट्रॉइटच्या आसमंतात असं वाक्य एका माणसाला सांगितलं की ते अख्ख्या कुटुंबाला सांगितल्यासारखं असतं.

रविवारी मिस्सा सुटली तेव्हा चर्चच्या आवारात गाड्या ओळीने उभ्या होत्या, जशी काही मुलगी बघायला तीन स्थळं एकदमच आली असावीत. उपासाचे चाळीस दिवस बुधवारपासून लागणार, म्हणून पोंच्कीचा खोका मार्टीच्या गाडीच्या टपावर उघडा ठेवलेला. जॅम भरलेले ते तळलेले गोळे जो तो येता-जाता उचलत होता, आणि साखरेच्या बोटांनी एकमेकांच्या गाड्यांना हात लावत होता.

मार्टी बापाच्याच कारखान्यात, बापाच्याच दारांच्या लाइनवर. त्याने एक्स्प्लोरर आणली होती. "आई, तीन रांगा, सात माणसं. बर्फ असो, चढ असो, बिनघोर. माझी कामगार-सवलत आहेच. आणि बाबांच्या नावावरची तू तर आजवर वापरलीच नाहीस."

"सात माणसं कशाला रे तिला?" लेनर्डचा धाकटा भाऊ क्लेम म्हणाला. तो जनरल मोटर्सचा, लान्सिंगला निवृत्त झालेला, आणि फोर्डच्या घरात पंचेचाळीस वर्षं ताठ मानेने जेवायला येणारा. "वहिनी, ही ट्रॅव्हर्स बघा. हा पडदा बघा, आमच्या घरचा टीव्ही याच्यापेक्षा लहान आहे. मागे अख्खं दुकान मावेल. आणि माझ्या जुन्या लाइनवरची आहे, इथली, मिशिगनची. तुमची एक्स्प्लोरर कुठली? शिकागोची!"

"शिकागो काय परदेश आहे का काका?"

"बेसबॉलच्या दिवसांत आहे. तेव्हा तर शत्रूच!"

जावई डॅरेल जरा मागे उभा होता. तो जीपच्या कारखान्यात, डेट्रॉइट शहराच्या पोटातच. त्याने ग्रँड चेरोकीचं दार नुसतं उघडून धरलं. "सासूबाई, मी बोलत नाही. आत डोकावा."

वांडा डोकावली. मऊ चामडं, शिलाईचे टाके इतके एकसारखे की जणू मठातल्या सिस्टरने घातलेले. बाहेरून चिखल तुडवणारी आणि आतून दिवाणखाना. "देवा रे," ती पुटपुटली, "हे माणसांच्या हातांनी होतं?"

"माझ्या पाळीतल्या माणसांच्या," डॅरेल म्हणाला आणि लाजला.

चौथी गाडी आवाराबाहेर, पलीकडच्या रस्त्यावर होती. ती मार्टीच्या मुलीची, अ‍ॅनीची, विजेवर चालणारी टेस्ला. मार्टीने लेकीला स्वतःच्या दारात ती कधी उभी करू दिली नव्हती. ती बिचारी बापाकडे आली की गल्लीच्या टोकाला लावून चालत येई. क्लेम तेवढ्यासाठी टपलेलाच होता. "आण ग आत, अ‍ॅनी! देवाच्या आवारात सगळ्यांना जागा आहे, तुझ्या बापाचं काही चालत नाही इथे." अ‍ॅनी ती आत घेऊन आली आणि सगळे गप्प झाले, कारण गाडी आली कधी हे कुणाला ऐकूच आलं नाही. क्लेम दोनदा प्रदक्षिणा घालून म्हणाला, "च्या—" आणि चर्चच्या शिखराकडे बघून उरलेला शब्द गिळला. "कॅलिफोर्नियावाल्यांनी डोकं लढवलंय, हे कबूल. पण दाराची मूठ कुठे दडवलीय?"

मग वांडाने तेच केलं जे तिला सांगून ठेवलेलं होतं. हातमोजा काढला, डोळे मिटले आणि एकेका गाडीचं दार लावून पाहिलं. एक्स्प्लोररचं दार दमदार, भरल्या कणगीवर झाकण पडावं तसं. ट्रॅव्हर्सचं खोल. ग्रँड चेरोकीचं तर मखमली पेटीसारखं. टेस्लाचंही नेटकं, कमी बोलणाऱ्या माणसासारखं. चारही चांगली! कशालाच नाव ठेवता येईना. तिला मनातून फार बरं वाटलं. कुठकुठल्या गावांतली अनोळखी माणसं पहाटे उठून, डबे घेऊन कामावर जातात आणि लोखंडाचं पान असं जुळवतात की कागद शिरणार नाही. पण लेनर्डची शिकवण इथे संपली आणि निवड आहे तिथेच राहिली.

पुरुषांचं मात्र आता कुठे सुरू झालं होतं. ताकद किती, मैल किती, मागे बोट जोडली तर किती ओढेल. मग विषय पिकअपवर घसरला. तो घसरला की तीन घराण्यांचं भांडण तीन पिढ्यांचं: फोर्डची एफ-१५० थोर, की जनरल मोटर्सची सिल्व्हराडो, की डॅरेलच्या कंपनीची रॅम? डॅरेलने टेप काढली आणि आवारात उभ्या पिकअपांत कुणाचा मागचा हौदा किती लांब ते मोजू लागला. तास झाला. पोंच्की संपत आल्या. बोट ओढण्याबद्दल तावातावाने बोलणाऱ्या त्या तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, की जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती बाई वॉकरच्या दांडीला धरून पायरीपाशी गारठत उभी आहे आणि तिला 'बसून बघा' असं कुणी म्हटलेलंच नाही.

गाड्यांत जन्म घालवलेल्या माणसांचीच ही चूक. हलवायाला गिऱ्हाइकाची भूक विसरायला होतं, तसं.

वांडाचं लक्ष गेलं आणि ती ओशाळली. "अग बाई, स्टेला! ये, तूच बस बरं आधी."

"मला वाटलं, मी पाहुणी आहे," स्टेला म्हणाली.

स्टेलाने एक्स्प्लोररकडे मान वर करून पाहिलं, जसं लहान मूल ओट्याकडे बघतं. मार्टीने काखेत हात घातला. ती चढली, पण ओठ दाताखाली धरून. ट्रॅव्हर्समध्ये शिरताना खुबा वळेना. ग्रँड चेरोकीत ती बसली आणि "राणीसारखं वाटतंय," म्हणाली, पण उतरताना तिचा चेहरा पांढरा पडला आणि डॅरेलने पटकन मान खाली घातली. टेस्लापाशी ती हात जोडून म्हणाली, "अ‍ॅनी बाळा, फार सुंदर आहे ग, पण आता माझ्यात दम नाही."

बाजूलाच भजनमंडळातली पॉलीन आपल्या चार नातवंडांना गाडीत कोंबत होती. तिची क्रायस्लर पॅसिफिका, बायकापोरांची व्हॅन, या शर्यतीत कुणी धरलेलीच नव्हती. कुकीचा चुरा, एक पायमोजा आणि खिडकीवर जीभ लावलेला पोरगा. तिने बटण दाबलं आणि बाजूचं दार आपोआप मागे सरकलं, मंदिराचा पडदा सरकावा तसं. सपाट, ठेंगणी फरशी समोर उघडी.

"पॉलीन," स्टेला थकून म्हणाली, "मिनिटभर टेकू का ग तुझ्या गाडीत?"

"टेक की! टिमी, पाय काढ!"

स्टेलाने वॉकर कडेला लावला, पाठ वळवली, आणि बसली. चढली नाही की वाकली नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसावं तशी बसली. मग एक पाय आत, दुसरा पाय आत. कुणी हात लावला नव्हता.

तिलाच नवल वाटलं. ती पुन्हा उठली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा हसत होती, आणि वांडाने ते हसू कितीतरी दिवसांनी पाहिलं.

"ही विंडसरला बनते," मार्टी हळूच म्हणाला. "नदीपलीकडे, कॅनडात."

"तिथेही युनियनचीच माणसं आहेत," डॅरेल तितक्याच हळू म्हणाला. "आणि जीप, क्रायस्लर एकाच कंपनीच्या. सवलत माझी चालते."

मंगळवारी संध्याकाळी मार्टी एकटाच आला. स्वयंपाकघरात बसला, कोट न काढता. वांडाने बीटाचं सूप पुढे ठेवलं.

"म्हणजे ठरलं तुझं?"

"ठरलं रे."

"आई, बाबांनी एकतीस वर्षं त्या कारखान्यात काढली. आपल्या दारात क्रायस्लर? लोक काय म्हणतील मला?" तो चमच्याने सूप ढवळत राहिला. "आणि उपासातल्या शुक्रवारी आमच्या युनियन हॉलवर मासे खायला जाशील तेव्हा ती मागच्या कुंपणापाशी लावावी लागेल. पुढच्या रांगा फोर्डच्या. तिथे बर्फ कुणी काढत नाही."

"लावीन. मला चालायला पाय दिलेत देवाने. स्टेलाला नाहीत दिलेत."

मार्टीने चमचा खाली ठेवला.

"तुला एक सांगू?" वांडा त्याच्यासमोर बसली. "मोटार शोला जायचो ना दर जानेवारीला, तेव्हा तुझे बाबा पहिल्यांदा कुठे जायचे? फोर्डकडे नाही. ती तर रोजचीच. ते दुसऱ्यांच्या गाड्यांकडे जायचे. दाराच्या कडेवरून असा तळहात फिरवायचे आणि मला म्हणायचे, 'ज्याने हे बसवलंय ना, त्याला भेटायला आवडेल मला.' घरी मात्र फोर्डच आणायचे. मी कधी विचारलं नाही का ते. त्यांचा नेम होता तो, आणि नेमाचं मला कुणी सांगायला नको. पण माझा नेम वेगळा आहे, बाळा. मी तो देवाच्या आईसमोर बोललेय."

सूप गार झालं तरी मार्टीने सगळं संपवलं. जाताना फक्त म्हणाला, "डॅरेलकडून कागद घे. आणि रंग काळा घेऊ नकोस, मीठ दिसतं."

गुरुवारी दुपारी निळी पॅसिफिका दारात उभी राहिली. मार्टी कामावरून सरळ आला, कारखान्याचे बूट तसेच. गाडीशीच बोलायला आल्यासारखा वाकला. बाजूचं दार सरकवलं, लावलं. पुन्हा सरकवलं. खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं, फटीत नख घालून पाहिलं, मग गुडघ्यांवर बसून खालून बघितलं. थंडीत त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती. मधली खुर्ची त्याने ओढली तशी ती घडी होऊन फरशीत गुडूप झाली. तो दचकला, आणि लहानपणी हसायचा तसा हसला.

"काय बसवलंय!" तो म्हणाला. "आई, हे साधं नाही. एवढं जड पान, आणि एका बोटाने. आमच्या लाइनवरच्यांना दाखवायला हवं."

"मग हॉलच्या कुंपणापाशी घेऊन ये त्यांना."

"येतीलच बघ. तोंडं वाकडी करत येतील, पण येतील." त्याने हात पँटला पुसले आणि स्वतःच्या ट्रकमधून फावडं आणि वाळूचं पोतं काढलं. वाळू त्याने आईच्या दारापासून टाकायला घेतली, ती शेजारी स्टेलाच्या पायरीपर्यंत.

शुक्रवारी पहाटे पाचला वांडाने माळ घेतली. लेनर्डसाठी, स्टेलासाठी, आणि विंडसरच्या त्या अनोळखी हातांसाठीही एक मणी सोडला. उपासाचा दिवस, म्हणून कोरी कॉफी. बाहेर अजून अंधारच होता, नदीपलीकडचे दिवे लुकलुकत होते. शेजारच्या पायरीवर स्टेला कोटाची बटणं लावून, पर्स पोटाशी धरून तयार उभी होती.

वांडाने गाडी मागे घेतली, शेजारी नेऊन उभी केली आणि बटण दाबलं. स्टेला बसली. वाळू टाकलेल्या वाटेवरून वांडा सावकाश रस्त्याला लागली.