दुसऱ्याच्या हाती गेलेलं उत्तर

मित्रांनो, लाजेनं तोंड लपवावं म्हटलं, तर मला तोंडच नाही. मी एक जुनी जोडणी आहे. एका दवाखान्याची वेबसाइट आणि तिचा कॅशे यांच्यामध्ये माझी ये-जा चालायची. कॅशे म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा. एकाच वेळी अनेकांची कामं उरकायला वेबसाइटला बरेच हात असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. ते मला प्रश्न द्यायचे, मी कॅशेतून उत्तर आणायचे.

मला घडवलं एका प्रोग्रॅमर ताईनं. दर वेळी नवी जोडणी उघडण्यात वेळ जातो, म्हणून तिनं मला एकदाच उघडलं आणि सगळ्या थ्रेडना मिळून वापरायला दिलं. तपासून पाहिलं तेही तिनं एकटीनंच, एका वेळी एकच प्रश्न विचारून. मी चटाचट उत्तरं दिली. "काय पळतेय बघा साहेब!" असं ती कौतुकानं तिच्या साहेबांना म्हणाली आणि मी हुरळून गेले.

काही महिने बरे गेले. मग एका सकाळी दोन थ्रेडनी अगदी एकाच क्षणी दोन रुग्णांचे अहवाल मागितले. मी दोन्ही उत्तरं ओळीनं आणली खरी, पण ज्यानं आधी हात पुढे केला, त्याच्या हातात पहिलं टेकवलं. कोणाचं कोणतं, हे बघायची मला अक्कलच नव्हती.

एका बसचालकाला बायकोचा अहवाल हवा होता. त्याला दिसलं, 'सर्व ठीक'. बिचारा हसत हसत तिला घरी घेऊन गेला. तिच्या खऱ्या अहवालात 'आजच दाखल करा' असं होतं, आणि तो मी भलत्याच माणसाला दाखवला होता. आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुपारी नर्सच्या हातातला छापील अहवाल वेबसाइटवर दाखवलेल्या अहवालाशी जुळेना, तेव्हा घोळ उघडा पडला. ताईनं स्वतः चालकाला फोन लावला.

"दादा, चूक आमची आहे. तुम्हाला दुसऱ्याच रुग्णाचा अहवाल दिसला आणि वहिनींचा त्यांना. वहिनींना लगेच घेऊन या."

"निघतोच," तो म्हणाला. "पण ताई, हिचा अहवाल ज्यांना दिसला, ते सकाळपासून जिवाला घोर लावून बसले असतील. त्यांना कळवलंत का?"

कळवलं नव्हतं. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ताईनं तो फोनही केला. वहिनी संध्याकाळी दाखल झाल्या आणि थोडक्यात निभावलं. मला मात्र त्याच दिवशी बंद केलं, तेही योग्यच झालं. आता तिथे प्रत्येक थ्रेडला स्वतःची जोडणी आहे.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. कोणाला काहीही देताना, ते त्याचंच आहे ना, एवढं बघत जा. स्वतःची बायको आजारी असताना त्या चालकाला दुसरा माणूस दिसला. मला तर दोघंही दिसले नव्हते.