पवनचक्कीच्या पायथ्याशी

इरम्मानं फोन लावला तेव्हा ती जळकोटच्या माळावर, पवनचक्कीच्या फाटकाबाहेर बाभळीच्या सावलीला उभी होती. आत जायची तिची छाती नव्हती. समोरासमोर आलं की लेक महेश्वरी गोड बोलून आईला गुंडाळायची, म्हणून खोटं बोलायचं ते फोनवरच, असं तिनं एसटीत बसल्याबसल्या पक्कं केलं होतं.

"महे, अप्पांच्या छातीत कळ आलीया. लवकर ये गं!"

"आले, अव्वा!" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

अप्पा, म्हणजे इरम्माचे मालक शंकरप्पा, त्या घटकेला दुकानात ठणठणीत बसून गूळ तोलत होते. पण करायचं काय? इरम्माच्या आईला वाटे, पोरीला पिठाची गिरणी असलेलं घर मिळालं की बास. इरम्माची उडी त्यापुढची होती. लेकीनं बँकेत खुर्चीवर बसावं, लोकांनी तिला मॅडम म्हणावं. आणि या बाईसाहेबांनी आयटीआय करून पवनचक्क्या दुरुस्त करायचं काम धरलं! आता फाटकातूनच तिला घेऊन एसटीत बसायचं, आणि एकदा घरी आली की परत धाडायचीच नाही, असा बेत होता.

फाटकावरचा राखणदार गोरोबा जवळ आला. "ताईंना भेटायचंय व्हय, मावशी? त्या बगा, वर हायत."

थांबलेल्या पात्यांच्या मागं, पार टोकाला, मुंगीएवढं पिवळं हेल्मेट हललं आणि दिसेनासं झालं.

इरम्मानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "तितनं खाली कसं येत्यात?"

"आतनं शिडी हाय, सरळ उभी. पट्ट्याचा हूक लावत लावत यायचं, सावकाश. घाई केली की खलास."

घाई! ती तर इरम्मानंच लावली होती. तिनं परत फोन लावला आणि घाबरून स्वतःच कापला. उचलायला पोरीनं एक हात सोडला तर? ती धावत खांबाच्या लोखंडी दाराशी गेली. आतून धपधप पावलं वाजत होती, लई भराभरा. हाक मारावी तर पोरगी दचकेल, न मारावी तर अशीच धावत येईल. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून ती पुटपुटत राहिली, "माझी जीभ झडू दे, पण पोरगी खाली आण."

मधेच काहीतरी घसरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. इरम्मानं दाराला कान लावला.

कितीतरी वेळानं पावलं पुन्हा वाजली. दार उघडलं. महेश्वरीचे तळहात सोलवटले होते.

"अव्वा? तू इथं? अप्पा कसे हायत?"

"बरे हायत. म्या खोटं बोलले."

महेश्वरी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती मटकन खाली बसली. "मधे हूक लावायचा ऱ्हायला गं. पाय सुटला. एका हातावर लटकले."

"ताई, वरचं काम अर्धं ऱ्हायलंय," मागोमाग आलेला गोरोबा म्हणाला. "दुपारी चढणार न्हवं?"

महेश्वरीनं दाराच्या आत पाहिलं आणि मान फिरवली. "न्हाय. भ्या वाटतंय मला."

इरम्माला हवं होतं ते झालं होतं. पोरगी आता घरी येणार होती, पण अशी भेदरून. लेकीचे सोलवटलेले तळहात पदरात धरत ती रडायला लागली. "असं म्हणू नको, महे. तू तरी असं म्हणू नको."