मागे बाबांची बस

घरात तिला सगळे ‘मध्यंतर’ म्हणायचे. हे नाव आत्याने ठेवलेलं. आत्या शाळेत गणित शिकवायची, म्हणजे पुराव्याशिवाय एक शब्द बोलायची नाही, आणि पुरावे तर ढीगभर होते: गिटारचा क्लास तीन महिने, पोहणं सहा आठवडे, शिवाय एकच बाही असलेला तो निळा स्वेटर.

“हिचं सगळं मध्यंतरापर्यंत जोरात,” आत्या म्हणायची. “पुढे पडदा उघडतच नाही.”

त्यामुळे मध्यंतरने पाच किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलंय हे कळल्यावर आत्या चहाचा कप खाली ठेवून हसली. पण मध्यंतर या वेळी चिडली नाही. तिच्याकडे कारण होतं.

शर्यत होती मुलांच्या दवाखान्यासाठी. जो शेवटपर्यंत धावेल, त्याच्या ओळखीच्यांनी कबूल केलेली पुस्तकं तिथल्या वॉर्डाला मिळणार. जो मध्येच थांबेल त्याला टाळ्या आणि एक केळं. त्याच वॉर्डात मध्यंतर गेल्या वर्षी आठ दिवस पडून होती. तिथे धड म्हणावं असं एकच पुस्तक होतं, होडीत अडकलेल्या बहीणभावाचं, आणि त्याची शेवटची पानं कुणीतरी फाडलेली. वादळ आलं, वल्हं तुटलं, आणि पुस्तक संपलं! ती दोघं वर्षभर तिच्या डोक्यात गटांगळ्या खात होती.

“पूर्ण केलीस ना, तर माझं कपाट उघडते,” आत्या म्हणाली. “गोष्टींची सगळी पुस्तकं घेऊन जा.” त्या कपाटाला आजवर कुणी हात लावलेला नव्हता. एवढं मोठं बोलून आत्या निवांत चहा प्यायली, यावरून तिचा भरवसा किती ते समजा.

सरावाचे दोन महिने कसेबसे पार पडले. एकदाही सलग चार किलोमीटर झाले नाहीत, पण मध्यंतरने ते मनावर घेतलं नाही. मग शर्यतीच्या आठवडाभर आधी बाबांनी जेवताना सांगितलं, “शेवटची बस मला दिलीय.”

घास तिच्या हातातच राहिला.

शेवटची बस म्हणजे धावणाऱ्यांच्या मागून येणारी. दर दहा मिनिटांनी एकेका किलोमीटरची पाटी मागे टाकायची, आणि जो मागे पडेल त्याला उचलून घ्यायचं. आणि चालवणार कोण, तर बाबा! अठरा वर्षांत ज्यांची बस एक मिनिट उशिरा सुटली नाही, आणि अर्धं मिनिट लवकरही नाही. सुटायच्या अर्धं मिनिट आधी दोन छोटे हॉर्न, पीप पीप, आणि मग साक्षात मंत्री धावत आला तरी थांबणार नाहीत. एकदा मध्यंतरच दप्तर हलवत मागे पळत राहिली होती. घरी आल्यावर बाबा म्हणाले होते, “हॉर्न दिला होता की.”

“बाबा, माझ्यासाठी थोडं हळू?”

“वेळापत्रक सगळ्यांना सारखं,” बाबा म्हणाले आणि तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

शर्यत सुटली आणि मध्यंतरने नेहमीचंच केलं. बाण सुटावा तशी सुटली. पहिला किलोमीटर पुढच्या लोकांबरोबर, केस उडवत, फोटोवाल्याकडे बघून हसतसुद्धा. दुसऱ्यात धाप लागली. तिसऱ्यात बरगडीखाली अशी कळ आली, की जणू आत कुणी चिमटा काढून सोडायलाच विसरलंय. ती चालायला लागली. आजोबा लोक पुढे गेले. एक बाई बाळाची गाडी ढकलत पुढे गेली, आणि बाळाने तिला टाटा केला.

चौथ्या पाटीशी ती फुटपाथवर बसली. बूट बांधायला म्हणून बसली, पण नाडी काही सुटलेली नव्हती.

मागून खडखड आली. हा आवाज ती झोपेतही ओळखेल. बसची मागची काच कायमची सैल होती. बस तिच्या शेजारी येऊन थांबली आणि दार उघडलं. बाबा गणवेशात, नजर समोर, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

“बसायचं असेल तर बसा,” बाबा म्हणाले.

बसा! पोटच्या पोरीला! ड्युटीवर बाबा सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे. आत गुडघ्याला पट्टा बांधलेले एक बँकेतले काका केळं खात होते. “ये गं ये, खिडकीची जागा आहे,” त्यांनी प्रेमाने सीट थोपटली.

सीट किती मऊ दिसत होती म्हणून सांगू! मध्यंतरने पायरीकडे पाहिलं. आणि का कोण जाणे, तिला ते तुटलेलं वल्हं आठवलं.

पीप पीप.

अर्धं मिनिट. ती उठली आणि पळत सुटली, पुन्हा बाणासारखी. दोनशे पावलांत बरगडीतली कळ परत. खडखड जवळ आली. बसचं नाक तिच्या कोपराशी आलं.

“अहो ड्रायव्हर, जरा हळू घ्या!” काका खिडकीतून ओरडले. “लेकरू आहे ते!”

“वेळापत्रक आहे.”

“तुमची मुलगी असती म्हणजे कळलं असतं!”

“माझीच आहे,” बाबा म्हणाले.

काकांचं केळं तोंडातच राहिलं. मध्यंतरला एवढं हसू आलं, की हसता हसता तिने खोल श्वास घेतला आणि कळ जराशी सैल झाली. त्याच क्षणी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबा उशीर करणार नाहीत, पण लवकरही पोचणार नाहीत! अठरा वर्षांत पोचलेत कधी? बस बरोबर पन्नासाव्या मिनिटाला शेवटच्या रेषेवर असणार. मग उगीच बाण कशाला व्हायचं? बसच्या नाकापुढे राहायचं, बस्स.

तिने वेग कमी केला. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम. खडखड, पाऊल, खडखड, पाऊल. पाणी देणाऱ्या मुली ओरडत होत्या, काका आता शिट्ट्या मारत होते, आणि तिच्या घामेजल्या मानेवर इंजिनाची ऊब लागत होती. थांबावंसं तिला दर खांबाला वाटलं. पुढच्या खांबाला थांबू, असं स्वतःला सांगून तिने अकरा खांब फसवले.

रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात एकोणपन्नास मिनिटं आणि एक्केचाळीस सेकंद. सगळ्यांत शेवटची. ती तिथेच आडवी झाली.

बस बरोबर पन्नासाव्या मिनिटाला आली. बाबांनी इंजिन बंद केलं, कागदावर वेळ लिहिली, सही केली, टोपी काढून बाजूला ठेवली. ड्युटी संपली. आणि मग त्या गृहस्थाने हॉर्नवर तळहात ठेवला तो उचललाच नाही. पीऽऽऽऽप! तारेवरची सगळी कबुतरं उडाली. काका कानांवर हात ठेवून नाचत होते.

“चल, घरी सोडतो,” बाबा खाली उतरून म्हणाले.

“बसायचं असेल तर बसा म्हणा.”

“बस गं मुकाट्याने,” बाबा म्हणाले.

संध्याकाळी आत्याने किल्ली आणली. कुलूप दोनदा अडकलं, की आत्यानेच अडकवलं, कोण जाणे. कपाट उघडल्यावर मध्यंतर जमिनीवर फतकल मारून बसली आणि एकेक पुस्तक उचलून मागून उघडायला लागली.

“मागून काय वाचतेस?” आत्या म्हणाली.

“वाचत नाहीये. शेवटची पानं आहेत का बघतेय.”

आत्या पदर खोचून शेजारी बसली आणि कपाटाच्या दुसऱ्या टोकापासून तपासायला लागली.