लखोट्याची ऊब

दर गुरुवारी फर्निचरच्या जुन्या गोदामाचं दार उघडायच्या आधीच रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली असायची. रांगेत कुणी मोठ्यानं बोलत नसे. तिथे आलेल्या प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी गेलेलं होतं, आणि गेलेल्या माणसाचं पत्र घ्यायला ते आले होते.

हो, पत्रच. गोदामाच्या आत पडदा लावलेली एक भिंत होती. भिंतीत बोटभर रुंदीची फट होती आणि त्या फटीतून एकेकाच्या नावाचा लखोटा बाहेर यायचा. माणसं तो आधी गालाला लावायची, मग उघडायची. कारण लखोटा कोमट असायचा. आत्ताच कुणाच्या तरी हातातून सुटल्यासारखा.

"बघा, नीट बघा!" भिंतीपुढे उभा राहून लखोटेबाबा ओरडायचा. "पाकिटाला तोंड आहे का? नाही! डिंकाचं बोट आहे का? नाही! चारी बाजूंनी बंद! अहो, पोस्टात सुद्धा पाकीट चाटून चिकटवतात, इथे तीही लबाडी नाही! माणसाचा हात याला लागला असेल तर हा माझा हात मनगटापासून उतरवा!"

असं म्हणून तो हात पुढे करायचा. हात गुबगुबीत होता, नखं छान कापलेली होती. तो उतरवायला कुणी पुढे यायचं नाही. लोक तोंडात बोटं घालायचे, आणि मग डोळ्यांना पदर किंवा रुमाल लावायचे.

पत्र मिळण्याआधी दारात आपलं नाव नोंदवून 'बोलखोली'त जावं लागे. तिथे एकट्यानं बसायचं, भिंतीवरच्या मंद दिव्याकडे बघायचं, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि जे काय सांगायचं ते मोठ्यानं सांगायचं. मोठ्यानं कशाला, मनातल्या मनात का नाही, असं कुणी विचारलंच तर बाबाचं उत्तर तयार होतं. "अहो, ते फार लांब गेलेत. कुजबुजलात तर ऐकू कसं जाणार?"

या रांगेत ताई पहिल्यांदा गेली तेव्हा धाकटीला त्याचा पत्ताच नव्हता.

धाकटी म्हणजे ताईची एकुलती बहीण. शाळेत विज्ञान शिकवायची. मुलं तिला बाई म्हणायची, घरात मात्र तिचे केस पिकायला लागले तरी ती धाकटीच. ताईची एकच मुलगी होती, बबडी. कॉलेज संपवून नोकरीला लागली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिची स्कूटर ट्रकखाली गेली. त्यानंतर ताई बोलायचीच थांबली. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर मागायची नाही. भाऊजींनी हात टेकले होते.

म्हणून एका संध्याकाळी धाकटी त्यांच्याकडे गेली आणि ताईनं स्वतः दार उघडून "अगं ये ना, बस," म्हटलं, तेव्हा तिला आधी आनंदच झाला.

"काय गं, आज चेहरा खुललाय तुझा."

"पत्र आलंय," ताई म्हणाली. "बबडीचं."

धाकटीनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी खिडकीबाहेर पाहू लागले.

पत्रात लिहिलं होतं, 'आई, मी इथे सुखात आहे. त्या रस्त्यावर मला दुखलं नाही. तू रडतेस तेव्हा मला कळतं.' आणि शेवटी, 'औषधांनी मन जड होतं. जड मनाला माझा आवाज ऐकू येत नाही.'

धाकटीनं ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. "ताई, तू गोळ्या घेतेस ना?"

ताईला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या सुरू झाल्यापासून मात्र कित्येक वर्षांत एकही आली नव्हती. इतकी वर्षं की तिला हा आजार आहे हेच घरातले विसरून गेले होते.

"त्या गोळ्यांनी झोप येते नुसती," ताई म्हणाली. "डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. तिचं खरंच आहे."

"तिचं नाही गं, कुणाचं तरी! ही गोळी मनाची नाहीये, फिटची आहे. अशी एकदम सोडता येत नाही. डॉक्टरांना विचार."

"डॉक्टरांनी माझी बबडी आणून दिली का?"

धाकटी पत्र घेऊन दिव्याखाली बसली. कागदाच्या कडांना बारीक छिद्रांची ओळ होती. ती ओढून फाडली की पत्र उघडायचं. कडेला वाळलेल्या गोंदाची चकचकीत पट्टी होती. बँकेनं तिला कार्डाचा गुप्त क्रमांक पाठवला होता तेव्हा अगदी असंच पाकीट आलं होतं. तेही चारी बाजूंनी बंद, आणि त्यालाही कुणाचा हात लागलेला नव्हता. बँकेला काय त्यासाठी स्वर्गात शाखा उघडावी लागली होती?

पण नुसतं म्हणून भागणार नव्हतं. मुलांना ती वर्गात जे रोज सांगायची तेच तिनं केलं. प्रयोग केला.

पुढच्या गुरुवारी ती रांगेत उभी राहिली. रांगेत स्वयंसेविका फिरत होत्या, पाणी देत होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या. "कोण गेलं हो तुमचं?" असं इतक्या मायेनं विचारत होत्या की न विचारलेलंही माणसानं सांगून टाकावं. बोलखोलीत धाकटी दिव्यासमोर बसली आणि म्हणाली, "माझा दादा. तळ्यात पोहायला गेला आणि बुडाला. मला सायकल शिकवायचं त्यानं कबूल केलं होतं."

तिला भाऊ नव्हता. कधीच नव्हता. आईवडिलांना दोन मुलीच.

थोड्या वेळानं फटीतून तिच्या नावाचा लखोटा आला. कोमट. कडा फाडून तिनं वाचलं. 'माझ्या लाडक्या बहिणी, मी इथे सुखात आहे. पाण्याची भीती आता वाटत नाही. सायकल शिकलीस का गं?'

तिनं ती शेवटची ओळ पुन्हा वाचली.

क्षणभरच, पण जन्मालाच न आलेल्या भावासाठी तिचे डोळे भरले, आणि त्याच क्षणी तिला कळलं की आपण किती अवघड ठिकाणी हात घालणार आहोत. लबाडी पकडणं सोपं होतं. ती ज्यांना हवी होती त्यांच्या हातातून काढून घेणं सोपं नव्हतं. त्याच पत्रात शेवटी तीच ओळ होती. औषधांनी मन जड होतं. ही ओळ सगळ्यांना का, तेही तिला उमगलं. ज्याला औषधानं बरं वाटू लागतं तो पुन्हा रांगेत येत नाही, दक्षिणाही ठेवत नाही.

तिनं पोलीसचौकीत जाऊन तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, "तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का? नाही ना? मग लोकांचं समाधान का मोडताय?"

त्यामुळे पुढच्या गुरुवारी भर गर्दीत, बाबाचं "हात उतरवा" चालू असताना, ती उभी राहिली. ताई आणि भाऊजी पुढच्या रांगेत होते.

"बाबा, मला माझ्या भावाचं पत्र मिळालं," ती म्हणाली.

"वा! वाचा, बाई, सगळ्यांना ऐकू द्या!"

तिनं वाचलं. लोक हळहळले. एक आजोबा तर मुसमुसून रडायला लागले. मग ती म्हणाली, "मला भाऊ नव्हताच. माझी बहीण इथे बसलीय, तिला विचारा. मी मुद्दाम खोटं सांगितलं. मग हे पत्र लिहिलं कुणी?"

बाबानं डोळे मिटले, उघडले आणि हसून म्हणाला, "मागच्या जन्मीचा असेल! बिचारा किती वर्षं हाक मारत असेल, आणि ही म्हणते मला भाऊ नव्हता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मघाचे आजोबा धाकटीला म्हणाले, "असं करू नये बाई भावाशी."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सरळ पुढे गेली आणि कुणी अडवायच्या आत तिनं भिंतीवरचा पडदा खेचला. पडद्यामागे दार होतं, त्याला कडीही नव्हती. इतकी वर्षं कुणी ते उघडायला हात लावेल असं कुणाला वाटलंच नसावं.

आतमध्ये कार्यालयात असतो तसा ट्यूबलाइटचा पांढरा उजेड होता. कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी संगणकावर टाइप करत होती; हेडफोनची तार भिंतीतून बोलखोलीतल्या दिव्याकडे गेली होती. तिच्याशेजारी कपाटाएवढं यंत्र घरघरत होतं. एका टोकाला छापायचा भाग, पुढे घडी घालायचे रूळ, मग दाबायचे रूळ, आणि शेवटची पन्हळ थेट फटीत. धाकटीच्या डोळ्यांदेखत एक कागद छापून निघाला, घडीत गेला, रुळांखाली दाबला गेला आणि लखोटा होऊन फटीतून बाहेर पडला. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी तोंडून "आलं, आलं!" असा हुंदका ऐकू आला.

"या, सगळ्यांनी या!" तिनं लोकांना आत बोलावलं. जितके मावले तितके आले. वर्गात सांगावं तसं तिनं सांगितलं. "बोलखोलीतल्या दिव्यात माइक आहे. तुम्ही बोलता ते या मुलीच्या कानात येतं. मजकूर आधीच तयार आहे, ती फक्त नाव, नातं आणि एखादी खूण भरते. या कागदाच्या कडांना कोरडा गोंद लावलेला असतो. रुळांनी जोरात दाबला की तो चिकटतो, म्हणून पाकिटाला तोंड दिसत नाही. आणि छापताना शाई तापवून कागदावर बसवतात, म्हणून पत्र कोमट असतं. बँका, कार्यालयं, सगळीकडे ही यंत्रं आहेत. यात कुणाचा आत्मा नाही, विजेची तार आहे." तिनं भिंतीतली पिन उपटली. घरघर थांबली.

ती मुलगी हेडफोन हातात धरून खाली बघत बसली होती. धाकटीला वाटलं, झालं. संपलं एकदाचं.

तेवढ्यात बाबा दारात आला. अजिबात न डगमगता म्हणाला, "मी कधी म्हटलं होतं की यंत्र नाही? मी म्हटलं, माणसाचा हात लागत नाही. लागला का? सांगा, लागला का? अहो, आकाशवाणीला रेडिओ लागतोच ना! निरोप त्यांचा, यंत्र निमित्त."

आणि धाकटीनं पाहिलं, लोकांचे चेहरे हळूहळू सैल झाले. जीव भांड्यात पडावा तसे. कुणीतरी पुढे होऊन पिन पुन्हा लावली. एक बाई तिच्याजवळ येऊन, न रागावता, म्हणाली, "तुमचं कुणी गेलं नाहीये ना, म्हणून." बाहेर रांग पुन्हा सरळ झाली.

घरी जाताना ताई म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पत्रात 'आई' लिहिलं होतं. बबडी मला आई कधी म्हणायची? 'मातोश्री' म्हणायची, चिडवायला. नाहीतर नुसतं 'अगं'."

"मग तरी तू..."

"आठवडाभर मला कुणी आई म्हणत नाही गं. गुरुवारी म्हणतं. खोटं तर खोटं."

धाकटीनं तिचा हात घट्ट धरला. "ठीक आहे. जा तू. पत्रं आण, वाच, मी एका शब्दानं बोलणार नाही. पण गोळ्या सुरू कर. एवढं ऐक माझं."

"करते," ताई म्हणाली.

तिनं केल्या नाहीत. का, ते कुणालाच कळलं नाही. कदाचित ती ओळ मनात कुठेतरी रुतून बसली असेल. जे खोटं आहे हे पक्कं माहीत असतं तेही कधीकधी रुततं. एका सकाळी न्हाणीघरात तिला फिट आली. ती थांबेना. दार फोडून भाऊजींनी तिला बाहेर काढलं, दवाखान्यात नेलं, तिथेही एकामागून एक फिट येतच राहिली. डॉक्टर बाहेर आले ते चष्मा पुसत. "गोळ्या कधी बंद केल्या होत्या?" त्यांनी विचारलं. भाऊजींनी सांगितलं. डॉक्टर त्यांच्यावर ओरडले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं धाकटीला वाटलं. दुसऱ्या दिवशी ताई गेली.

भाऊजी काही दिवस घरातच होते. मग एका गुरुवारी शर्टाला इस्त्री करून बाहेर पडले. कुठे निघालात, हे धाकटीला विचारावं लागलं नाही. ती त्यांच्याबरोबर चालत गेली, त्यांच्याबरोबर रांगेत उभी राहिली, आणि ते बोलखोलीतून बाहेर येईपर्यंत थांबली.

त्यांनी पत्र उघडून तिच्याकडे दिलं. शेवटची ओळ होती तशीच होती. भाऊजींना साखरेचा आजार, रोज इंजेक्शन.

"भाऊजी, ताई असं म्हणाली असती? तुमचं एक इंजेक्शन चुकलं तर घर डोक्यावर घ्यायची ती?"

ते पत्राकडे बघत राहिले. "नसती म्हणाली."

"मग?"

"बाकीचं म्हणाली असती," ते म्हणाले आणि पत्र घडी करून त्यांनी खिशात ठेवलं.

"इंजेक्शन घ्याल ना?"

"घेईन."

ताईसुद्धा 'करते' म्हणाली होती. धाकटीनं मान हलवली, दुसरं काय करणार?

तेव्हापासून ती दर गुरुवारी शाळा सुटली की त्या रांगेपाशी उभी असते. आरडाओरडा करत नाही, पडदा ओढत नाही. एकेका माणसापाशी जाऊन हळू आवाजात सांगते. "तुमचं दुःख खरं आहे. पत्र मात्र छापलेलं आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाबावरही ठेवू नका. आत गेलात की जन्मालाच न आलेल्या माणसाचं नाव सांगून बघा. त्याचंही पत्र आलं, तर स्वतःच्या डोक्यानं विचार करा. तेही नको असेल तर नका करू. रडायचं तर रडा, पत्र उशाशी ठेवायचं तर ठेवा. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. मेलेल्या माणसाच्या सुद्धा."

बहुतेक लोक तोंड फिरवतात. काही जण शिव्या देतात. रांग एक पाऊल पुढे सरकते, आणि ती पुढच्या माणसाकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागते.