पापडाचा मदरबोर्ड

शेंद्र्याजवळच्या आमच्या गावात त्या दुपारी मारुतीच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या टीव्हीसमोर पाट, पाटावर वच्छलाबाईंनी लाटलेला उडदाचा पापड, पापडावर हळदीच्या रेघा आणि रेघांवर चिंचोके. शेजारी यंत्रानंद महाराज.

"हा मदरबोर्ड. हळद म्हणजे वायरिंग, चिंचोके म्हणजे चिप," महाराज म्हणाले. "पापडखारात करंट असतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. परदेशी लोकांनी चोरलं! बोल संगणका, पाऊस कधी?"

टीव्हीवर अक्षरं उमटली: लवकरच. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी या गावात वीस वर्षं विज्ञान शिकवलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे माझेच विद्यार्थी होते. लाज वाटली मला.

कडुबाच्या मुलीला, अपेक्षाला, शहरात पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरची जागा लागली होती. मूळ दाखला घेऊन त्याच दिवशी पाचच्या आत हजर व्हायचं होतं. दाखला कडुबानं महाराजांच्या झोळीत टाकलेला. "तीन वर्षं शहरात कशाला? महाराज सव्वा महिन्यात पापडावर शिकवत्यात," असं त्याचं म्हणणं.

अपेक्षा पुढं झाली. "महाराज, पापड काढला तर संगणक बंद पडंल ना?"

"तत्क्षणी!"

तिनं चिंचोके झटकले आणि मदरबोर्ड कराकरा खाऊन टाकला. "मीठ जास्त झालंय," म्हणाली.

"मीठ बरूबर हाय!" वच्छलाबाई उसळल्या.

टीव्हीवर 'लवकरच' तसंच होतं. मी कोपऱ्यातल्या शिष्याचं उपरणं ओढलं. खाली मोबाइल. "हा इथं लिहितो, तेच वायफायनं तिथं दिसतं. पापडाचा काडीचा संबंध नाही!" मी ओरडलो. अपेक्षानं फोन घेऊन लिहिलं आणि टीव्हीवर उमटलं: मी पापड खाल्ला.

मला वाटलं, जिंकलो.

"आरं, पापड हिच्या पोटात हाय," कडुबा हळूच म्हणाला, "म्हणून हिचं लिहिलेलं उमटलं!"

"व्हय की!" गर्दी गरजली. मिठावरून भांडणाऱ्या वच्छलाबाई अपेक्षाच्या पाया पडल्या. महाराजांनी संधी साधली, "कन्येच्या ठायी यंत्र प्रकटलं!"

"दादा, दाखला द्या. पाच वाजतील," अपेक्षा रडत बापाला म्हणाली.

कडुबाच्याही डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. "आता कॉलेज कशाला, माय? समदा कॉम्प्युटर तुझ्या पोटातच हाय." महाराजांनी झोळी उघडली नाही. पाच वाजले.

बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा उपरणं उचलून बघा. आणि उचलल्यावर जे दिसेल, ते तरी माना. याहून सोपं मला सांगता येत नाही.

आता दर शनिवारी कडुबा अपेक्षाला पाटावर बसवतो. लोक नारळ घेऊन येतात, प्रश्न विचारतात. मागच्या शनिवारी तिनंच विचारलं, "माझा दाखला कधी मिळंल?"

शिष्याचा हात उपरण्याखाली हलला. टीव्हीवर उत्तर आलं: लवकरच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.