सुगंधाचा दाखला

उत्तराने पोलक्याची बाही कोपराच्या खाली ओढून घट्ट धरून ठेवली होती. तिच्यामागून आलेली सातआठ माणसं टोचून घेऊन, दंड चोळत निघून गेली, तरी ती बाकावरून हलली नाही.

"ये गं बाई," नलिनीबाई नर्स म्हणाल्या. "बापाचा जन्म सुया उकळण्यात गेला, आणि पंधरा वर्षांची लेक सुईला भिते. लोक हसतील आम्हाला."

मार्तंड स्टोव्हवरच्या पातेल्यातून काचेच्या सिरिंज काढत होता. घाटकोपरच्या या दवाखान्यात त्याला अठरा वर्षं झाली होती. सुया उकळायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासायच्या, कापसातून ओढून बघायच्या. तंतू अडकला की पुन्हा घासायच्या. टोचलेल्यांचे दाखलेही तोच लिही. डॉक्टर संध्याकाळी गठ्ठ्यावर न वाचता सह्या करत.

पुढच्या आठवड्यात मालवणची बोट होती. त्याच्या बायकोला, सुगंधाला, जाऊन वर्ष होत आलं होतं, वर्षश्राद्ध गावी करायचं होतं. गावाकडे यंदाही पटकीची साथ होती आणि टोचल्याच्या दाखल्याशिवाय बोटीवर चढू देत नव्हते.

तो लेकीजवळ बसला. तिच्यासाठी सगळ्यांत बारीक सुई सकाळीच घासून ठेवली आहे, असं त्याने सांगितलं. भिंतीकडे बघ, सुई लागताना जोरात खोक, म्हणजे कळतही नाही, हेही सांगितलं. या युक्तीने त्याने किती पोरांना टोचून घ्यायला लावलं होतं, त्याला गणती नव्हती.

उत्तराचे ओठ पांढरे पडले होते. "मी सोसेन पण," ती म्हणाली, "उपयोग काय त्याचा? आईने टोचून घेतलं होतं ना? तिच्या पिशवीत दाखला मीच ठेवला होता. तरी गेलीच ना ती?"

नलिनीबाई मार्तंडकडे बघू लागल्या. सुगंधा आली त्या दिवशी त्या रजेवर होत्या; तिने टोचून घेतलं होतं, असंच त्यांनाही वाटत होतं. कधीकधी लस धरत नाही, नशीब एकेकाचं, असं डॉक्टर म्हणाले होते. चाळीतही सगळे तेच म्हणाले. मार्तंडने वर्षभर प्रत्येकापुढे मान हलवली होती.

आताही तेच उत्तर तयार होतं. या वेळी त्याने मान हलवली नाही.

उत्तराने आवाज खाली आणला. "बाबा, दाखला तुम्हीच लिहिता ना? मग नुसता लिहून द्या ना मला. कोण विचारतंय?"

मार्तंडने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"तुझ्या आयेक टोचूकच नव्हता गो," तो म्हणाला. घरात तो मुलीशी मालवणीत बोलत नसे. "मी नुसताच लिहून दिला."

नलिनीबाईंच्या हातातला कापूस हातातच राहिला.

"तिने मागितला होता?" उत्तराने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. गेल्या वैशाखात सुगंधा भावाच्या लग्नाला निघाली होती. याच बाकावर बसून ती घामाने निथळली होती, रडली होती. पण मागितलं तिने काहीच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "ती म्हणाली, जवळ उभे राहा, घेते मी. तिचं रडणं माझ्याच्यानं बघवलं नाही. म्हटलं, चल घरी, झालं तुझं काम. वाटेत हसत होती. म्हणाली, नवरा असावा तर असा." तो थांबला. "नवव्या दिवशी तार आली."

उत्तरा उठली, नलिनीबाईंसमोरच्या स्टुलावर जाऊन बसली आणि तिने बाही खांद्यापर्यंत वर सारली. तो हात तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरला. ती भिंतीकडे वळली नाही, खोकली नाही. सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत बघत राहिली.

मार्तंड टेबलाशी गेला, दाखल्यांचं बुक उघडलं आणि टाक शाईत बुडवला.

"बाई," उत्तरा नलिनीबाईंना म्हणाली, "माझा दाखला तुम्ही लिहाल?"

नलिनीबाईंनी मार्तंडकडे पाहिलं नाही. हात पुसत त्या टेबलापाशी आल्या. त्याने खुर्ची मोकळी केली, टाक निबाकडून धरून त्यांच्यापुढे केला आणि बोटांना लागलेली शाई तशीच घेऊन तो बाजूला उभा राहिला.