धुतलेला वाफा

दिराची अक्कल बेताचीच, हे वहिनीला लग्न होऊन आली त्याच आठवड्यात कळलं होतं. त्याने ससे पाळले, ते पळाले. अळिंबी लावली, ती कुजली. आता स्वारी समुद्री शेवाळाचा अर्क विकायला कॅन घेऊन भावाच्या रोपवाटिकेत उगवली होती.

"हे फवारा, वहिनी. ऊन तापलं, पाणी कमी पडलं, तरी रोपं तग धरतील."

"समुद्राला कधी टंचाई पडली होती रे, की त्याच्या शेवाळाला ती कळावी?"

पण नवरा भावापुढे नेहमीचाच मऊ. टाकी तळाला चालली होती आणि टोमॅटोची रोपं गेली, की रोपवाटिकेला कुलूपच. त्याने दोन वाफे ठरवले. पाणी दोन्हींना निम्मंच, अर्क फक्त उजव्याला. उजवा जगला तर सगळीकडे अर्क फवारायचा आणि सगळ्यांचं पाणी निम्मं करायचं.

त्या अर्काला तुंबलेल्या मोरीसारखा वास येई. दीर फवारून गेला, की वहिनी झारी घेऊन पानं धुऊन काढी. त्याची एकदा चांगली फजिती व्हावी, एवढीच तिची इच्छा. झारीत पाणी असतं, ही साधी गोष्ट तिच्या रागाला सुचलीच नाही.

उन्हाचा तडाखा आला. डावा वाफा आडवा झाला, उजवा ताठ. दीर छाती फुगवून फिरू लागला आणि नवरा सगळ्या वाफ्यांचा नळ कमी करायला निघाला. आता वहिनीला गप्प राहणं शक्य नव्हतं.

"थांबा! तो माझ्या पाण्यावर जगलाय. मी रोज पानं धूत होते."

"मग अर्क मुळांशीच गेला की!" दीर म्हणाला. "मुळांना तो जास्तच मानवतो." निर्लज्जाला उत्तरांचा काय तोटा!

नवऱ्याने दोघांकडे पाहिलं. "एक विकतोय, एक धुतेय. मला कळलं काय? कप्पाळ! पुन्हा दोन वाफे घ्या. या वेळी फवारणी तू करायचीस, आणि झारीला हात लावायचा नाही."

ती नाकाला पदर लावून फवारू लागली. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती वाफ्यापाशी जाई. स्वतःच्या हाताने लावलेली रोपं मेली असावीत, या आशेने बघायला जाई.

डावा वाफा पुन्हा झोपला. उजव्यातली रोपं अर्ध्या पाण्यावर, त्या घाणेरड्या वासासकट, ताठ उभी होती. रोपवाटिका वाचली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला रडू आलं ते रागाने.